बरंय की

सुनयनाच्या बोलण्यात ‘की’ शिरला आहे, हे तिच्या नवऱ्याच्या, उदय कळंत्रेच्या, दोन वर्षांत लक्षात आलं नव्हतं. ते पद्मजानं आल्या दिवशीच, जेवताना हेरलं.

पद्मजा ही सुनयनाची धाकटी बहीण. वऱ्हाडातल्या कारंज्याहून प्रवास करून ती सकाळी कोल्हापुरात उतरली होती, कारण गुरुवारी सुनयनाच्या मेंदूवर दुसरी शस्त्रक्रिया व्हायची होती. तिनं आल्या आल्या माहेरच्या पद्धतीचं वरण केलं होतं, आणि ते मऊ भातात कालवून ती बहिणीला चमच्यानं भरवत होती.

“कसं झालं वं ताई?”

सुनयनाचे ओठ हलले नाहीत. ते दोन वर्षांपासून हलत नव्हते. तिच्या कानामागच्या चिंचोक्याएवढ्या यंत्रावरचा हिरवा ठिपका लुकलुकला आणि तिच्याच आवाजात उत्तर आलं, “बरंय की.”

चमचा हवेतच थांबला. “बरंय की? हे ‘की’ कुठून आणलं तू? भाऊजी, इतकी वर्षं तुमच्या कोल्हापुरात राहून जिनं आपला माहेरचा ‘न’ सोडला नाही, ती आता ‘की’ म्हणते?”

“सासरचं पाणी,” उदय हसत म्हणाला. “उशिरा का होईना, लागलं.”

“लागणारच की,” सुनयनाचा आवाज म्हणाला, आणि पाठोपाठ तिचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर धाडकन आपटला. वाटी कलंडली.

“हेच ते आचके,” उदय फडकं आणत म्हणाला. “बोललं की येतात. गुरुवारनंतर बंद होतील, डॉक्टर म्हणालेत. तिलाही कधी एकदा होतंय असं झालंय. हो ना गं?”

“हो, करून टाकू या की.”

हात पुन्हा आपटला. पद्मजानं सांडलेलं वरण पुसलं आणि बहिणीच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

सातवीच्या वर्गात भूगोल शिकवता शिकवता सुनयना कोसळली होती. पक्षाघाताच्या त्या झटक्यानं उजवी बाजू गेली, मान गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत राहिली. डावा हात तेवढा कोपरापासून हले. सुरुवातीला एक बाई येऊन तिला त्या हातानं टिचक्या मारून हो-नाही सांगायला शिकवत होत्या. मग वैखरी आली आणि ते शिकवणं तिथेच राहिलं. बोलता येणाऱ्या माणसाला टिचक्या कशाला?

वैखरी म्हणजे ते कानामागचं यंत्र. आपल्याकडे वाणीच्या चार पायऱ्या मानल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. आत खोल उगवलेला शब्द एकेक पायरी उतरत शेवटी ओठांवर येतो, ती वैखरी. ज्यांची ही शेवटची पायरी तुटली आहे त्यांच्यासाठी हे यंत्र होतं. कवटीच्या आत, जीभ आणि ओठ हलवणाऱ्या भागावर केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवलेली असे. माणसानं शब्द उच्चारायचं मनात आणलं की तिथे उठणारे विजेचे तरंग ही जाळी टिपायची. यंत्रातला एक प्रोग्रॅम त्या तरंगांवरून शब्द ओळखायचा. इंजिनिअर त्याला ‘मध्यमा’ म्हणत. मग माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा.

आणि मध्यमेला ठरलेल्या मुदतीत शब्द ओळखता आला नाही तर? तर ‘अंदाज’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम ती जागा भरायचा. फोनवर लिहिताना पुढचा शब्द आपोआप सुचवला जातो, त्यातलाच हा प्रकार. अंदाज शिकायचा तो घरात कानावर पडणाऱ्या बोलण्यावरून. चाचण्यांच्या काळात असं दिसलं होतं, की रुग्ण अडखळून गप्प झाला की घरची माणसं कासावीस होतात; म्हणून ही सोय. तिची गरज क्वचितच पडते, असं अहवाल सांगत होते.

हे सगळं उदयला चांगलं ठाऊक होतं, कारण वैखरी बनवणाऱ्या कंपनीतच तो नोकरीला होता.

त्याचं काम कर्नलमधलं. त्याचे सासरे हयात होते तोवर कारंज्यात सांगत, की आमचे जावई एका कर्नलच्या हाताखाली आहेत, सरहद्दीवर तेवढं जावं लागत नाही. हा कर्नल लष्करातला नव्हे. संगणकाच्या सगळ्यात आतल्या गाभ्यात बसून, कुठल्या कामाला प्रोसेसर केव्हा आणि किती वेळ द्यायचा हे जी प्रणाली ठरवते, तिला कर्नल म्हणतात. उदय तिथे पहारेकरी बसवायचा. हे पहारेकरी म्हणजे कर्नलमध्ये जागोजागी अडकवलेले इवलेसे प्रोग्रॅम. ते स्वतः काही करत नाहीत. कोण आलं, कोण गेलं, कुणाला किती ताटकळावं लागलं, एवढं टिपून ठेवतात. डोक्याशी जोडलेल्या यंत्रावर असा पहारा अहोरात्र हवाच, असा नियम होता.

टिपलेलं ठेवायचं कुठे, ही अडचण होती.

आजवरची पद्धत देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखी होती. प्रत्येक कामाला एक बिल्ला, आणि सगळ्यांच्या नोंदी एकाच सामायिक फळीवर. पहारेकऱ्यानं दर खेपेला बिल्ला वाचायचा, फळीवरचा कप्पा शोधायचा, तिथे दुसरा कुणी हात घालून उभा असेल तर थांबायचं, मग नोंद ठेवायची. एका खेपेला लागणारा वेळ नगण्य. पण अशा खेपा सेकंदाला हजारो, आणि यंत्राचा जीव तो केवढा! शिवाय फळी भरली की सगळ्यात जुनी नोंद उचलून फेकायची आणि नवीला जागा करून द्यायची.

यावरचा उपाय सोपा होता: ज्यानं त्यानं आपली चप्पल आपल्याच पिशवीत घेऊन फिरावं. कर्नल प्रत्येक कामाची स्वतंत्र माहिती बाळगतोच. तिलाच एक छोटा खिसा शिवायचा आणि त्या कामाच्या नोंदी त्या खिशात टाकायच्या. शोधाशोध नाही, रांग नाही. काम संपताना खिसा अहवालात रिकामा करायचा, की तोही कामाबरोबर संपला. मोठ्या संगणकांवर ही युक्ती वर्षानुवर्षं वापरात होती. चिंचोक्यात बसवायला मात्र उदयला सहा महिने लागले. पहाऱ्याचा भार जवळजवळ नाहीसा झाला. “पण रुग्णाला याचा काय उपयोग?” असं बैठकीत कुणीतरी विचारलं, तेव्हा तो चाचरत “बॅटरी जरा जास्त टिकेल” एवढंच बोलला होता. त्यापलीकडे काही असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

नवी आवृत्ती त्याच दिवशी, सोमवारी दुपारी काही निवडक रुग्णांच्या यंत्रांवर चढली. त्यांत सुनयनाचं नाव उदयनंच दिलं होतं.

चारच्या सुमारास तो चहा घेऊन आला. भरपूर आलं घातलेला, बिनसाखरेचा. आजारपणाआधीची सुनयना चहाला नावं ठेवायची. चहालाच काय, त्याच्या बोलण्याला, कपड्यांना, बोलता बोलता विषय सोडून भलतीकडे जाण्याच्या सवयीलाही. फार लांबण लागली की हात उडवून म्हणायची, “चूप बस न बाप्पा.” आजारपणानं ती मऊ झाली होती. चहा छान, वाचून दाखवलेलं छान, सगळं बरंय की. कुणाजवळ बोलण्यासारखं नसलं तरी उदयला हे मनातून सुखावत होतं.

“कसा झालाय?” दोन चमचे पाजून त्यानं सवयीनं विचारलं, आणि सवयीनंच उत्तराची वाट न पाहता पुस्तकातली खूण काढली. रोज चहानंतर तो तिला वाचून दाखवी. त्यासाठी त्यानं तिची खुर्ची आपल्या पुस्तकांच्या कपाटासमोर कायमची लावून ठेवली होती.

हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. उत्तर येईना. मग खोल विहिरीतून दोर ओढावा तसा एकेक शब्द वर आला.

“मले... चहा... नको.”

“काय म्हणालीस?”

“आलं... नको. कधीच... नको... होतं.”

आवाज तिचाच होता, पण खडबडीत, धापा टाकणारा. उदयच्या हातातला चमचा बशीवर वाजला. “अगं, रोज तर छान म्हणतेस. नव्या आवृत्तीत काहीतरी बिघडलं असणार. थांब हं, बघतो मी. घाबरू नकोस, पहिल्या दिवशी असं होतंच, मागे एकदा सांगलीच्या एका रुग्णाला...”

“चूप... बस... न... बाप्पा.”

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. कणकेनं माखलेल्या हातांनी पद्मजा धावत आली आणि खुर्चीपुढे खाली बसली. “ताई! भाऊजी, ताई बोलली! आपली ताई!”

“रोजच बोलते की,” उदय म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडचा ‘की’ त्याच्या कानाला टोचला.

तेवढ्यात फोन वाजला. रेहाना मुजावर, त्याची वरिष्ठ. वयानं त्याच्या निम्मी, म्हणून त्याला सर म्हणायची.

“सर, वहिनींचंपण तसंच झालंय काय? दुपारपासून नुसते फोन. कुणाची आई तुटक बोलायलीय, एक आजोबा तर सुनेला शिव्या द्यायलेत. सगळ्यांचं एकच, आमचं गोड माणूस आम्हाला परत द्या. वर ठरलंय, सहा वाजता जुनी आवृत्ती परत चढवायची. आवृत्ती तुमची, म्हणून मंजुरी तुमची लागंल. पडद्यावर येईल, तेवढी द्या.”

“बघतो,” उदय म्हणाला.

तो टेबलाशी बसला आणि सुनयनाच्या यंत्रातला पहारा त्यानं उघडला. आता एकही नोंद गहाळ होत नव्हती. चहाचे शब्द त्यानं एकेक करून पाहिले. ‘मले’: मध्यमेनं ओळखला, मुदत संपता संपता. ‘नको’: मध्यमेनं ओळखला, अगदी काठावर. शेवटच्या ‘बाप्पा’पर्यंत तेच. अंदाजाचा रकाना कोरा.

म्हणजे काहीही बिघडलं नव्हतं.

त्यानं दुपारचे तरंग पुन्हा पाहिले. मुदत ठरवली होती ती धडधाकट माणसांवरून. सुनयनाच्या दुखावलेल्या मेंदूतून तरंग सावकाश उठत होते, मुदत कशीबशी गाठत होते. शेवटी हाताशी उरत होता तो जेमतेम क्षणाचा एक तुकडा. आणि आजवर? आजवर मध्यमेच्या प्रत्येक हालचालीला पहारेकरी बिल्ला तपासत होता, फळीशी थांबत होता. तो सगळा वेळ जायचा मध्यमेच्या वाट्यातून. उदयनं बेरीज केली. ती त्या तुकड्याहून मोठी निघाली. तिचे शब्द मुदतीत पोचतच नव्हते.

पण मग अहवालात हे कसं दिसलं नाही? आणि त्याला फळी आठवली. भरली की सगळ्यात जुनी नोंद फेकायची. देवळात जो सगळ्यात जास्त वेळ थांबला, त्याचीच चप्पल आधी गेली. ज्या शब्दांना उशीर झाला, नेमक्या त्यांच्याच नोंदी नाहीशा होत होत्या. उरत होते ते वेळेवर आलेले, आणि त्यांच्यावरून सगळं आलबेल दिसत होतं.

त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. बेरजेत आपण चुकत असू, नेहमीच चुकतो, असं म्हणत त्यानं कपाटातून एक सुटं यंत्र काढलं. त्यावर जुनी आवृत्ती चढवली, सुनयनाच्या घरच्या अंदाजाची नक्कल घातली, आणि आजच टिपलेले तिचे तरंग त्यात सोडले.

‘मले चहा नको’चे तरंग आत गेले. यंत्र सुनयनाच्या गोड आवाजात म्हणालं, “छान झालाय की.”

उदयनं पुढचे तरंग सोडले. ‘चूप बस न बाप्पा.’

“आणखी वाच की,” यंत्र म्हणालं.

दारात पद्मजा उभी होती. तिनं दोन्ही वाक्यं ऐकली. तिला कुणी काही समजावलं नाही, तरी तिला कळायचं ते कळलं. “भाऊजी,” ती कशीबशी म्हणाली, “हे तर तुम्हीच बोलताय.”

दोन वर्षं. सुनयनाच्या गळ्यातून दोन वर्षं त्याचेच शब्द त्याच्याकडे परत येत होते, आणि त्यांवर तो खूश होता. ती आत बसून नको म्हणत होती. प्रत्येक ‘नको’चं तिच्याच कानांदेखत ‘छान’ होत होतं. आणि मग, हातात तेवढंच उरलं म्हणून, ती हात आपटत होती.

त्या हाताला ते सगळे आचके म्हणत होते. गुरुवारी त्यासाठी तिची कवटी उघडणार होते. तिनं होकार दिला होता. ‘करून टाकू या की.’ तो होकार रुग्णालयात जपून ठेवलेला होता.

पडद्यावर मंजुरीचा चौकोन येऊन थांबला होता. त्यावर बोट टेकवलं की सहानंतर पुन्हा चहा छान होणार होता. उदय त्या चौकोनाकडे बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याचं बोट लगेच मागे सरलं नाही. पलीकडच्या खोलीत सुनयना होती. चहापासून तिचा हात एकदाही आपटला नव्हता. दांडीवर नुसता पडून होता, दमलेल्या माणसाच्या हातासारखा.

त्यानं रेहानाला फोन लावला आणि जे दिसलं ते सांगितलं. नेहमीसारखं लांबण न लावता.

“सर, माझ्या नानीलापण वैखरी हाय,” ती म्हणाली. “मी मनानं लग्न केलं म्हणून चार वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. मग आजारी पडली, वैखरी बसली. मी रोज जाऊन बसायची तिच्यापाशी, रडायची. एक दिवस म्हणाली, झालं गेलं जाऊ दे बाई. ‘झालं गेलं जाऊ दे’ हे मीच म्हणायची, सर. तिच्यासमोर. सारखं.”

“तिच्या यंत्रावर कुठली आवृत्ती आहे?” उदयनं विचारलं.

“जुनीच. मंजुरी देऊ नका. वर काय सांगायचं ते मी सांगते. आणि नानीवर नवी चढवा. आत्ताच.” मग घाईघाईनं, “नको, थांबा. मी पोचते तिथं. मी समोर असताना चढवा.”

उदय उठून बाहेरच्या खोलीत गेला. सुनयनासमोर खुर्ची ओढून बसला. सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

“गुरुवारचं...” एवढंच तो म्हणाला.

ठिपका लुकलुकू लागला. पूर्वी इतक्या वेळात त्यानं आणखी तीन प्रश्न विचारले असते. आता तो गुडघ्यांवर हात दाबून बसला.

“आचके... नाहीत,” सुनयना म्हणाली. “राग... होता.”

पद्मजानं पदर तोंडात धरला.

“मग शस्त्रक्रिया?”

“नको.”

“भाऊजी, डॉक्टरांचा नंबर सांगा,” पद्मजा फोन हातात घेत म्हणाली. “तुम्ही नका बोलू. मी बोलते.”

ती आत गेल्यावर उदय तसाच बसून राहिला. वैखरी बसवली त्या पहिल्या दिवशी त्यानं सुनयनाला विचारलं होतं, तुला काय हवंय सांग. ‘तू आहेस की,’ असं उत्तर आलं होतं. ते त्यानं रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना मनाशी किती वेळा घोळवलं होतं! ऑफिसात सांगितलं होतं, पाहुण्यांना सांगितलं होतं. आता तोच प्रश्न पुन्हा विचारायला त्याची जीभ रेटेना.

“सुनयना, तुला काय हवंय?”

ठिपका लुकलुकत होता. कपाटातली पुस्तकं, भिंतीवरचं घड्याळ, तिची न हलणारी पापणी, सगळीकडे बघून झालं. उत्तर यायला इतका वेळ लागतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

“खिडकी.”

तो ताडकन उठला. दोन वर्षं खिडकी तिच्या पाठीमागे होती. त्यानं खुर्चीचे ब्रेक सोडले, कपाटासमोरून खुर्ची वळवली, पडदा सारला आणि तिला गजांपाशी नेऊन लावलं. खाली शाळेचं मैदान होतं. शाळा सुटली होती, मुलं ओरडत होती, कुणीतरी कुणाची टोपी पळवली होती. आता त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते तिचे केस, कान, आणि कानामागचा तो हिरवा ठिपका. बरं वाटतंय का, असं विचारायला तो वाकला आणि वेळेवर गप्प झाला.

ठिपका लुकलुकला.

“बरंय की.”

सहा वाजले? कुणी जुनी आवृत्ती परत चढवली? उदय धडपडत टेबलाकडे निघाला, वाटेत बशीला पाय लागला, चहा लादीवर पसरला. मागून टिचकीचा आवाज आला. त्यानं वळून पाहिलं. सुनयनाच्या डाव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या दांडीवर हलकेच वाजत होतं. आपटत नव्हतं, वाजत होतं.

तो जागीच उभा राहिला. ठिपका लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता.

“घाबरला... न?”